आमच्या हडळीला ‘ण’ येत नव्हता

मी सिनेमात हडळीची कामं करते हे कळलं की माणसं दोन गोष्टी हमखास म्हणतात. आधी, “तुम्ही अगदी तशा वाटत नाही हो!” आणि मग, “एकदा ओरडून दाखवा ना!”

पहिलीवर काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तशा म्हणजे कशा? सकाळी साडेदहाला मेथीची जुडी घेऊन विरारच्या मनवेलपाड्याच्या नाक्यावर उभी असलेली हडळ कशी दिसायला हवी? दुसरीवर मात्र मी गप्प बसते. कारण खरं सांगायचं तर ती किंकाळी माझी नव्हेच. मला ओरडता येतं, नाही असं नाही. दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध दिलं की तीन मजले ऐकतात. पण तुम्ही थेटरात ज्या आवाजाला घाबरून शेजारच्याचा दंड धरलात, तो आवाज दादरच्या एका बाईंचा. तोंड माझं, पाय माझे, आवाज त्यांचा. चाळीस वर्षं मी हडळ झाले, पण माझ्या तोंडून हडळ एकदाही बोलली नाही. आणि त्याला कारण एक अक्षर.

संपादकांनी बजावलंय, दिवाळी अंक आहे, फार घाबरवू नका. त्यांना काय सांगू, या धंद्यात घाबरायची पाळी बहुतेक वेळा माझ्यावरच आली.

मी मूळची वसईजवळच्या जूचंद्रची. घरचं खाडीकाठचं भाताचं शेत. आमच्याकडे भाताची रोपं चिखलात लावतात त्याला आवणी म्हणतात. रोप पुढं खोचायचं आणि आपण मागं सरायचं, नाहीतर आपणच लावलेलं आपण तुडवणार. पाच-सहा वर्षांच्या पोरीपासून म्हातारीपर्यंत सगळ्या बायका दिवसभर वाकून मागं मागं चालतात. मागं काय आहे ते बघायचं नसतं, पायाला कळतं.

मी विशीत होते तेव्हा आमच्या शेजारच्या शेतात एक सिनेमावाली मंडळी उतरली. भुताचा सिनेमा. त्यांच्या दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांना हडळ उलटी चालवायची होती, आणि त्याची युक्ती अशी की नटीनं चिखलातून मागं मागं चालायचं आणि मग फिल्म उलटी फिरवायची. पडद्यावर ती पुढं येताना दिसते, पण चिखलाचे शिंतोडे उडायच्या ऐवजी पावलाखाली परत शिरतात, पदर भलतीकडेच उडतो, आणि काहीतरी बिघडलंय एवढंच बघणाऱ्याला कळतं. युक्ती झकास होती. फक्त मुंबईची नटी दर दुसऱ्या पावलाला धप्पकन चिखलात बसत होती. चौथ्यांदा ती बसली तेव्हा आम्ही बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होतो, आणि माझं हसू जरा मोठं आलं.

मास्तर वैतागून माझ्याकडे वळले. “हसतेस काय गं? तुला जमतं का?”

“आमी सकालपासून तेच करताव,” मी म्हटलं.

“मग ये आणि दाखव!”

मी साडी खोचली आणि सरळ शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागं चालत गेले. न बघता, न अडखळता. शिवाय जाताजाता सवयीनं दोन रोपं सरळ केली. मास्तर बघतच राहिले. मग जवळ येऊन त्यांनी माझं तोंड निरखलं. लांबुडकं तोंड, मोठाले डोळे, वरचे दोन दात जरा पुढं. या तोंडाला नवरा कसा मिळायचा म्हणून आई घरी जीव टाकत होती. मास्तर म्हणाले, “देवानं धाडलं हो हिला!” त्या दिवसापर्यंत माझ्या तोंडाबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं.

वडलांनी परवानगी दिली, कारण काम बांधापलीकडेच होतं. आईनं एकच विचारलं, “कापडं पुरी हायेत ना?” हडळीइतकी अंगभर कपड्यातली बाई सिनेमात दुसरी नसते, त्यामुळे तो प्रश्न तिथंच मिटला.

पण हडळीला एक वाक्य होतं. विहिरीच्या काठावर उभं राहून हिरोला म्हणायचं, “मला पाणी दे.” बस्स. मी म्हटलं, “मला पानी दे.”

मास्तर म्हणाले, “पाणी.”

“पानी.”

“अगं, ण! बाणातला ण!”

“बानातला न,” मी म्हटलं.

आता यात माझा काय दोष? आमच्या गावात ‘ण’ नावाचं अक्षर फक्त शाळेच्या फळ्यावर होतं, आणि गुरुजी घरी गेले की ते पण जायचं. सतरा वेळा शॉट झाला. कॅमेरामन डोक्याला हात लावून बसला. शेवटी मास्तर थंडपणे म्हणाले, “राहू दे. नुसतं तोंड हलव. बाकीचं मुंबईला बघू.” मला वाटलं, चला, सुटले.

सिनेमा लागला तेव्हा निम्मं गाव वसईच्या टॉकीजमध्ये बसलं होतं. आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. मी चिखलातून चालत आले तशा बायका किंचाळल्या, आणि आई मात्र अभिमानानं सगळ्यांकडे वळून वळून बघत होती. मग विहीर आली. हडळीनं तोंड उघडलं, आणि आतून एक गोड, स्वच्छ, सुशिक्षित आवाज आला, “मला पाणी दे!” ‘ण’ असा की घंटेसारखा घुमला.

आई ताडकन उठून उभी राहिली. “अगो सुगंदे! ही कोन बोलते तुजे आतून?”

सगळं थेटर हसलं, पण आई काही हसण्यावारी नेणारी नव्हती. तिच्या लेखी गोष्ट सरळ होती. आमच्या सात पिढ्यांत कुणी ‘ण’ बोललेलं नाही. पोरगी तिन्हीसांजेला विहिरीवर उभी राहून भुताची नक्कल करत होती. तेव्हा कुणीतरी शिकलेली बाई पोरीत शिरली, दुसरं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी भगत दारात हजर.

भगतानं धूप घातला, मोरपीस फिरवलं आणि दरडावलं, “बोल, कोन तू? कुटली?”

“मी सुगंधा. इथलीच.”

“तसा नाय,” आई म्हणाली. “ती बाई जसा बोलते तसा बोलव तिला. पानी बोलव!”

“बोल, पानी!” भगत गरजला.

“पानी,” मी म्हटलं.

“बगा, बरोबर बोलली,” भगत म्हणाला.

“तसा नाय हो! ती येगलाच बोलते!” आई कासावीस झाली. पण ती बाई कसं बोलते हे करून दाखवणार कोण? भगताला येईना, आईला येईना, काकाला येईना, अंगणात जमलेल्या चाळीस माणसांत एकालाही येईना. शेवटी शाळेतून गुरुजींना बोलावलं. ते साताऱ्याकडचे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “म्हण बाळ, पाणी.”

“पानी.”

“निंगाली!” भगतानं नारळ आपटला. “बाई निंगाली!”

गुरुजी बिचारे समजवायला गेले. “अहो, बाई-बिई काही नाही. याला डबिंग म्हणतात. दुसऱ्या बाईचा आवाज हिच्या तोंडात घालतात.”

“मंग मी कवापासून तेच सांगते ना!” आई म्हणाली.

गुरुजी चष्मा पुसत शाळेकडे वळले. पण आईनं त्या दिवशी सगळ्यांसमोर मला जे सांगितलं ते तिनं पुढं चाळीस वर्षं पाळलं. “तुजे तोंडात तुजा आवाज असंल तवा मना बोलव. तवर मी नाय येनार तुजा शिनेमा बगाला.” आणि नाहीच आली.

काम मात्र पुढं येत राहिलं. मागं चालणारी बाई म्हणून माझं नाव झालं. लग्न ठरवायला माणसं आली तेव्हा वडील म्हणाले, “पोरगी शिनेमात हाय.” पाहुण्यांनी भीतभीत विचारलं, “कसली कामं?” वडील म्हणाले, “भुताची.” पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. फक्त मुलगा म्हणाला, “चालेल की. रविवारी सुट्टी असते ना?” हे आमचे श्रीधरराव, मूळ देवगडकडचे, राहायला विरारला, मनवेलपाड्याच्या चाळीत. नोकरी छापखान्यात, प्रूफं तपासायची. म्हणजे ज्या बाईला ‘ण’ येत नाही तिच्या पदरात देवानं काय टाकलं बघा.

ह्यांनी कधी हिणवलं नाही, पण कानाला खुपायचं ते खुपायचं. एकदा मीच म्हटलं, शिकवा. ह्यांनी किराण्याची यादी केली. चणे, फुटाणे, शेंगदाणे, साबुदाणे, धणे. “जिभेचं टोक मागं वळव आणि टाळूला लाव,” म्हणायचे. जो जिन्नस चुकेल तो त्या आठवड्यात घरात यायचा नाही. दोन महिने आमच्या घरात धणे नव्हते. पण वर्षभरात जीभ वळली. मी सणसणीत ‘ण’ म्हणू लागले. धावत मास्तरांकडे गेले. म्हटलं, “मास्तर, ऐका, पाणी!” मास्तर कौतुकानं हसले आणि म्हणाले, “छान! पण आता कशाला? लोकांना हडळीचा तोच आवाज ओळखीचा झालाय.” झालं. धणे घरी आले, आवाज आला नाही.

उलट एक गेलं. माहेरी जाऊन मी सहज म्हटलं, “आई, पाणी दे गं,” तर आई चुलीपाशी बसल्याबसल्या दचकून वळली. “कोन आलंय?” मी हसले. आई हसली नाही. “जावयानं माजे पोरीची जीभ नेली,” एवढंच म्हणाली आणि तांब्या भरून पुढं ठेवला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नंतर वाटलं.

बाहेरच्यांना वाटतं, भुताचं काम म्हणजे सगळं अंधारात, गूढ. अहो, गूढ काही नाही, खाज असते. आमच्या वेळचं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. तो अंगावर घेऊन झाडाखाली निपचित पडायचं आणि मुंग्यांनी वरात काढायची. डोळे पांढरे दिसावेत म्हणून भिंगं घालायची, मग समोरचं काही दिसत नाही. एकदा मी हिरोचा गळा धरायला गेले आणि चहावाल्याचा धरला. तो बिचारा किटली न सांडता तसाच उभा राहिला, याला मी कला म्हणते. मेकअपमनचं भुतांचं शास्त्र पण सोपं होतं. कपाळाला कुंकू लावलं की सवाष्णीचं भूत, म्हणजे जखीण, पुसलं की हडळ. एका दिवसात मी तीन वेळा मेले आणि दोनदा सवाष्ण झाले.

आणि एक गोष्ट तर सांगायलाच हवी. वसईत एका बावखलाशेजारी, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या तळ्याशेजारी, शूटिंग होतं. मला कमरेला पट्टा बांधून तारेनं चिंचेच्या झाडाला लटकावलेलं. पांढरी साडी, मोकळे केस, गालावरून रक्त. दुपारचा एक वाजला, कुणीतरी “जेवण आलं!” म्हणून ओरडलं, आणि सगळे गेले. सगळे म्हणजे अगदी सगळे. मी झाडावर.

हाका मारून थकले. तेवढ्यात सायकलवरून एक पाववाला आला. मी वरून अगदी नम्रपणे म्हटलं, “अहो दादा, जरा त्या पलीकडच्या माणसांना बोलावता का? मला उतरायचंय.” त्यानं वर बघितलं. छातीवर क्रूस काढला. पावाची सायकल तिथंच टाकली आणि पळाला. दहा मिनिटांनी तो परत आला तो देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, म्हाताऱ्या फादरांना घेऊन. फादर हातात माळ घेऊन झाडाखाली आले. चष्म्यावरून त्यांनी मला बघितलं, तारेला बघितलं, पलीकडून येणारा मटणाचा वास घेतला, आणि शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही जेवलात का?”

मला रडूच फुटलं. तेवढ्या मोठ्या युनिटमध्ये तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. फादरांनी मग पलीकडे जाऊन सगळ्यांना असं काही झापलं की पुढचे आठ दिवस पहिलं ताट मला मिळायचं. आणि एक सांगते, पुढची कित्येक वर्षं माझा खरा आवाज ऐकून घाबरलेला माणूस जगात तो पाववाला एकटाच.

माझ्या हडळीचा आवाज असलेल्या त्या दादरच्या हेमाताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या माझ्या पन्नाशीत. स्टुडिओच्या बाहेर बाकावर बसून आम्ही एक बटाटावडा अर्धा अर्धा खाल्ला. लहानखुरी बाई, आवाज मात्र अजून घंटेसारखा. म्हणाल्या, “तुमचं तोंड मी इतकी वर्षं बघतेय की आरशात बघितल्यासारखं वाटतं. पण माझ्या नातवाला पटतच नाही की ती मी आहे.” मी म्हटलं, “आणि माझ्या आईला पटत नाही की ती मी आहे.” आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावून “शांतता!” म्हणून माणूस बाहेर आला. एका हडळीचे दोन तुकडे, आणि घरी किंमत दोघींनाही नाही.

पण हसण्यावारी न्यायची ती शेवटची वर्षं. कारण मग आईचे डोळे गेले. काचबिंदू. ऐंशी उलटली होती, डॉक्टरांनी करायचं ते केलं, पण उजेड आणि अंधार यापलीकडे तिला काही उरलं नाही. मी भेटायला गेले तर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, दातांपाशी थांबली आणि म्हणाली, “हीच ती. आता मना तोंड दिसत नाय गो. ऱ्हायला तो आवाज. मंग मी तुजा शिनेमा कवा बगनार?”

ती सहज बोलली. मी मात्र घरी येईपर्यंत रिक्षात डोळे पुसत होते. सगळी हयात मी तोंडावर कमावलं, आणि ज्या एका माणसाला ते दाखवायचं राहिलं होतं त्याला आता तोंडाचा उपयोगच नव्हता. आवाज हवा होता, आणि तोच नेमका माझा नव्हता.

गेल्या वर्षी आमच्याच चाळीतली अनुजा दारात आली. ती माझ्यासमोर लहानाची मोठी झालेली. लहानपणी भात खात नसली की तिची आई तिला माझ्या दारात आणून उभी करायची. आता ती सिनेमे करते. “मावशी, मिठागरावरची स्टोरी आहे,” ती म्हणाली. “एक बाई मिठागरात काम करता करता तहानेनं मेलेली असते. सगळीकडे पाणी, पण खारं. तिचं भूत येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतं. एकच लाइन आहे, पण ती तुमच्या जूचंद्रच्या बोलीत पाहिजे. आणि डबिंग नाही हां, सेटवर बोलाल तेच फायनल.”

मी तिला घट्ट मिठी मारली. तिला वाटलं, मावशींना रोल फारच आवडला. मी त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगून बसले. “आई, या बारीला माझाच आवाज हाय.” आई म्हणाली, “मंग येते. लुगडं काडून ठेवते.”

आणि शूटिंगला मी मिठागराच्या बांधावर उभी राहिले, डोळ्यांत प्राण आणले आणि म्हटलं, “मना पाणी दे.”

“कट,” अनुजा म्हणाली. “मावशी, पानी.”

“तेच म्हटलं.”

“नाही, पाणी म्हणालात.”

ऐका म्हणे! अकरा वेळा शॉट झाला, अकरा वेळा ‘ण’. ओढूनताणून ‘पानी’ म्हटलं तर ते जाहिरातीतल्या बाईसारखं यायला लागलं. जीभ तीस वर्षांच्या सवयीनं आपली टाळूला जाऊन चिकटायची. चणे, फुटाणे, शेंगदाणे! त्या क्षणी श्रीधरराव समोर असते तर मी त्यांचा खरंच गळा धरला असता, भिंगं न घालता. अनुजा बिचारी पोर गोड बोलून म्हणाली, “मावशी, उद्या करू,” पण तिचं तोंड उतरलं होतं. आणि मला डोळ्यांपुढं ते काढून ठेवलेलं लुगडं दिसत होतं.

मी तशीच आईकडे गेले. भर दुपार, मिठागरातून आलेली, ओठ खारटलेले. ओटीवर तिच्या पायांशी बसले आणि सगळं सांगितलं. आई आधी पोटभर हसली. “पानी मांगाला पन शिकाला लागतंय काय गो? बोल बगू.”

“पाणी.”

“बामन जेवाला बसलंय काय?” आई म्हणाली. “परत बोल.”

मी परत बोलले. घशाला कोरड पडली म्हणून आत जाऊन माठाकडे वळले, तर भांड्याचा आवाज ऐकून तिनं बाहेरूनच दटावलं, “हात लावू नको! बरोबर मांगशील तवा पानी.” तासभर तिनं मला तसंच बसवलं. मी चिडले, रडकुंडीला आले, चुकतच राहिले. मग तिनं चाचपडत माझी हनुवटी धरली. “जीभ कित्याला वलवते? तानेलला मानूस जीभ वलवत नाय. तान लागली का जीभ सुकते, खाली पडून ऱ्हाते. तिला वर जायाला ताकदच नसते. तू वर नेऊच नको. नुसता मांग.”

माझी सगळी उमर दिग्दर्शकांत गेली. एवढं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जीभ सोडून दिली. खरोखर तहान लागलीच होती. “मना पानी दे,” मी म्हटलं, आणि माझा मलाच काटा आला. आईनं माझी हनुवटी सोडली. उठली, भिंत धरत आत गेली आणि माठातून तांब्या भरून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी एका शॉटमध्ये काम झालं. साउंडवाल्या मुलानं कानावरचे हेडफोन काढून दंड चोळले. मी मनात म्हटलं, जिंकले.

कसली जिंकतेय! पंधरा दिवसांनी अनुजाचा फोन. निर्मात्यांना काळजी पडली होती की बाहेरच्या प्रेक्षकांना हे ‘मना पानी’ कळेल का, भूत गावठी वाटेल का. म्हणून एका मुलीकडून शुद्ध मराठीत तेच वाक्य भरून घेतलं होतं. दोन्ही तयार, कुठलं लावायचं ते शेवटी ठरणार. “मी भांडतेय, मावशी,” ती म्हणाली. त्यानंतर तिचा फोन लागेना. सिनेमा लागायच्या आदल्या दिवसापर्यंत लागला नाही. श्रीधरराव म्हणाले, “आईंना काहीतरी कारण सांग. पाय दुखतो म्हण.” पण आईनं तोपर्यंत शेजारच्या चार बायकांना सांगितलं होतं.

विरारच्या मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा खेळ. माझ्या भावानं तिला रिक्षातून आणलं. आई लुगडं नेसून, माझा हात धरून खुर्चीत बसली. थंडगार हवा लागल्यावर म्हणाली, “बर्फाचा कारखाना हाय काय?” सिनेमा सुरू झाला. मी तिच्या कानाशी सांगत होते, आता मिठागर आहे, आता एक माणूस एकटा चाललाय.

“तू कवा येनार?”

“आता येते.”

“कशी दिसतेस?”

“वाईट.”

“मंग बराय,” आई म्हणाली.

पडद्यावर मी बांधावर आले. हडळीचे सुकलेले ओठ उघडले आणि मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत मी स्वतःच्या सिनेमात पहिल्यांदा डोळे मिटले. आता जर तो दुसरा आवाज आला, तर आईला मी काय सांगणार होते?

“मना पानी दे.”

चारी भिंतींतून आला. कोरडा, फाटका, खाली पडलेल्या जिभेचा. माझा! मागच्या रांगेत कुणीतरी “आई गं!” म्हणून पाय वर घेतले. पडद्यावरचा माणूस घाबरून मागं सरकत होता आणि हडळ पुन्हा पुन्हा तेच मागत होती. आईनं माझा हात सोडला. आई खुर्चीचे दांडे धरून, चाळीस वर्षांपूर्वी उठली होती तशीच, उठून उभी राहिली. पण या वेळी तिनं मला काही विचारलं नाही. ती सगळ्या थेटराला ओरडली.

“अरे, बसलाव काय नुसते? माजी पोर हाय ती! कवाची पानी मांगते. द्या ना कोनी तरी तिला!”

मग लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलानं वळून खरोखरच आपली पाण्याची बाटली पुढं केली. ती मी घेऊन आईच्या हातात दिली. तिनं झाकण चाचपून काढलं, अंधारात माझं तोंड शोधलं आणि बाटली माझ्या ओठांना लावली.

“घे गो,” ती म्हणाली. “पी.”